बेरजेच्या वहीआधी नंबर फोडायला शिकवा

पोरं सिनियर केजीत गेली की घरोघरी ३ + २ ची वही सुरू होते. मग एका हाताची तीन बोटं, दुसऱ्या हाताची दोन, आणि सगळी परत एकपासून मोजायची. उत्तर ५ येतं, आपण खूश. पण तासाभराने तेच विचारा, परत एकपासून मोजणार, कारण ५ च्या पोटात ३ आणि २ आहेत हे त्याला दिसलेलंच नसतं. नंबर बॉन्ड म्हणजे एवढंच, एखादा आकडा कुठल्या दोन आकड्यांत फुटतो ते न मोजता माहीत असणं. सिंगापूरच्या शाळांमधे गणित याच क्रमाने जातं, आधी हातात वस्तू, मग चित्र, मग आकडे, आणि आपण बरोब्बर उलटं करतो.

सुरुवात ५ पासून करा, १० ची घाई नको. पाच चिंचोके घ्या (राजमा, बटणं काहीही चालेल, फक्त धाकटं भावंड असेल तर लक्ष ठेवा, ही पोरं नाकात घालतात). आधी पाचही त्याला मोजू द्यात, मग दोन्ही हात पाठीमागे नेऊन वाटून घ्या आणि एकच मूठ उघडा. हे दोन दिसतायत, मग दुसऱ्या मुठीत किती? सुरुवातीला अंदाजे ठोकतील, ठोकू देत, मूठ उघडली की कळतंच. मग त्याला लपवायला सांगा आणि मधेच मुद्दाम चुकीचं उत्तर द्या, आईला किंवा बाबाला पकडायची मजा पोरांना खेळण्यापेक्षा भारी वाटते. रिकामी मूठपण दाखवा, ५ आणि ० हीपण जोडीच आहे आणि शून्य इथे जेवढं सहज समजतं तेवढं वहीत नाही समजत.

हे पटापट यायला लागलं की कागदावर वर एक मोठा गोल, खाली दोन छोटे गोल, मधे रेघा. वरच्या गोलातले चिंचोके खालच्या दोनात सरकवायचे, परत वर आणायचे, मग चिंचोक्यांच्या जागी टिंबं, मग आकडे. अधिकचं चिन्ह सगळ्यात शेवटी.

६ ते ९ साठी वेगळं बसायची गरज नाही. ठाण्याहून वाशीची लोकल पकडलीत तर ८ चा बॉन्ड फुकट मिळतो. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी, ठाणे सोडून आठ स्टेशनं. रबाळे आलं म्हणजे ३ झाली, राहिली ५. तुर्भ्याला ६ आणि २. येताना तेच उलटं. गर्दीच्या वेळी मात्र हे करू नका, तिथे स्वतः उतरायचे वांधे.

खरा वेळ १० ला द्या, कारण पुढचा हातचा, मोठ्या बेरजा सगळं यावरच उभं राहतं. अंड्यांचा ३० चा ट्रे असतो ना, त्यातून पाच-पाच खळग्यांच्या दोन रांगा कापून घ्या, घरात अंडी येत नसतील तर कागदावर दहा चौकोन आखा, तेवढंच काम होतं. ७ ठेवले की वरची रांग पूर्ण, खाली दोन, आणि तीन खळगे रिकामे, म्हणजे ७ ची जोडी ३ हे नुसतं बघूनच कळतं. ९-१, ८-२, ७-३, ६-४, ५-५ या पाच जोड्या झोपेतून उठवून विचारलं तरी यायला हव्यात. पण पाढ्यासारख्या घोकून घेऊ नका, ट्रे समोर हवाच.

मग ८ + ५ द्या. ट्रेमधे ८, बाहेर ५. ट्रे भरायला किती हवेत? २. पाचातले २ आत गेले, बाहेर ३ उरले, झाले १३. इथे जर पोरगं परत एकपासून मोजायला लागलं तर रागवू नका, १० अजून पक्का नाही एवढाच त्याचा अर्थ, दोन-चार दिवस नुसत्या ट्रेवर या. आणि ५ ला २ आणि ३ मधे फोडता आलं पाहिजे, म्हणून तर सुरुवात ५ पासून केली.

रोज दहा मिनिटं पुरे, कंटाळलं की बंद. पाच वर्षाच्या पोराला यासाठी अबॅकसच्या क्लासला घालायची काही गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना मात्र आधीच सांगून ठेवा, कारण नातवंड जरा अडकलं की तिकडून लगेच उत्तर येतं.

वजाबाकी वेगळी काढायची नाही, ती यातच आहे. दुकानात ७ रुपयांची पेन्सिल घेऊन १० ची नोट त्याच्याच हातात द्या आणि दुकानदाराकडून किती परत घ्यायचे ते त्यालाच सांगू दे.