पिकअप गेला म्हणून लगेच टर्बो उतरवू नका

आयटीआय करून नुकतेच गॅरेजला लागलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. टर्बो काय करतो, इंटरकूलर कुठं असतो, ईजीआर कशाला लावलाय हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. दहा-पंधरा वर्षं जुनी टर्बो डिझेल दारात येते, गिऱ्हाईक म्हणतं, “चालता चालता एकदम दम सोडला बघा, साठच्या वर जाईना,” आणि बॉनेट उघडायच्या आधीच गॅरेजातलं कुणीतरी बोलून मोकळं होतं, “टर्बो गेला.” हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो. त्यापायी गिऱ्हाइकाचे किती हजार जातात आणि तीच गाडी तोच आजार घेऊन परत कशी येते, हे मी जवळून पाहिलंय.

आधी गिऱ्हाइकाशी बोला, पाना नंतर उचला. पिकअप एकदम गेला की हळूहळू? हळूहळू गेला असेल तर एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, इनटेकमध्ये साचलेला कार्बन, चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अशी रांग लागते. एकदम गेला असेल तर काहीतरी निसटलंय, फाटलंय, अडकलंय, नाहीतर ईसीयूनं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरनं, स्वतःहून डिझेल कापलंय. मग विचारा, गाडी बंद करून पुन्हा चालू केली की बरी होते का? होत असेल तर लिम्प मोडचा संशय घ्या. ईसीयूला कुठलातरी आकडा पटला नाही म्हणून त्यानं ताकद कापली, आणि बऱ्याच गाड्यांत चावी फिरवली की ती परत मिळते. फाटलेला होज (हवेचा रबरी पाइप) किंवा चोंदलेला फिल्टर चावी फिरवून बरा होत नाही. आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, अशी तक्रार असेल तर क्लच घसरतोय. इंजिनला हात लावायचं कारणच नाही. आणि चाकं उचलून हातानं फिरवून बघा. ब्रेक जाम झालेली गाडीसुद्धा ‘ओढत नाही’ म्हणूनच येते.

धूर बघायला शिका. काळा धूर आणि ताकद नाही, म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी. धूरच नाही आणि ताकदही नाही, तर डिझेल कमी पडतंय किंवा ईसीयूनं कापलंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, तिथं टर्बोच्या सीलवर संशय घ्यायला जागा आहे. फुस्स असा हवेचा आवाज आला तर होज. भोंग्यासारखा चढत जाणारा किंवा धातू घासल्याचा आवाज आला तर मात्र गाडी तिथंच बंद करा.

मग स्कॅनर. पी ०२९९ हा कोड आला म्हणजे बूस्ट, म्हणजे टर्बोनं भरलेला जादा दाब, कमी; पी ०२३४ म्हणजे बूस्ट जास्त. पी ०२९९ चा अर्थ ‘टर्बो बदला’ असा कुठंही लिहिलेला नाही. हवेचा दाब अपेक्षेपेक्षा कमी भरला, एवढंच तो सांगतो. तो का भरला नाही, हे शोधायचे पैसे आपण घेतो.

आता ज्यानं मला सगळ्यात जास्त छळलं ते सांगतो. जरा लांबेल, पण वाचा.

एक जुनी डिझेल हॅचबॅक होती. पन्हाळ्याच्या रस्त्याला वाघबीळच्या चढावर मरायची, आणि कोल्हापुरात आमच्या दारात रेस दिली की आवाज खणखणीत. होज बघितले, क्लिपा आवळल्या, सगळं जागेवर. गाडी गेली, परत आली, पुन्हा गेली. मी तेव्हा शिकाऊ होतो. मालक, वस्ताद आणि गिऱ्हाईक तिघंही माझ्याकडे बघायचे आणि माझ्याकडे सांगायला काही नसायचं. ती घालमेल अजून विसरलेलो नाही. शेवटी सापडली ती इंटरकूलरकडं जाणाऱ्या होजला, खालच्या अंगाला, क्लिपच्या कडेला गेलेली चीर. बोट फिरवलं तरी लागत नव्हती. दाब आला की उघडायची, दाब उतरला की मिटायची.

असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण इथंच सगळे अडकतात. न्यूट्रलमध्ये रेस देता तेव्हा इंजिनला फक्त स्वतःला फिरवायचं असतं. त्याला डिझेल लागतं थोडं, म्हणून एक्झॉस्टमध्ये उष्णता आणि जोर थोडा, म्हणून टर्बो धड फिरतच नाही. काटा चार हजारावर नेलात तरी बूस्ट नावापुरता. तीच गाडी तिसऱ्या गिअरला चढावर पूर्ण पॅडल दाबून ओढायला लावा, दोन हजार आरपीएमला बूस्ट भरतो, होज फुगतो, गरम रबर मऊ पडतं आणि चीर तोंड उघडते. म्हणजे उभ्या गाडीला रेस देऊन ‘होज बरोबर आहे’ म्हणणं याला तपासणी म्हणतच नाहीत. पुन्हा सांगतो, कारण हे एकदा वाचून डोक्यात बसत नाही: बूस्टची गळती दाब भरला तरच दिसते, आणि चालत्या गाडीत तो लोडवर, म्हणजे इंजिन जोर लावत असतानाच भरतो.

टर्बोच्या अलीकडे, एअर फिल्टरपासून येणाऱ्या होजचं उलटं असतं. तिथं दाब नसतो, ओढ असते. होज जुना होऊन मऊ पडला, किंवा त्याचा आतला थर सुटला, की लोडवर तो आत ओढला जातो आणि हवेची वाट बंद करतो. गाडी थांबवून बघाल तर होज पुन्हा गोल. हाताने दाबून बघा. पिचपिचीत लागला तर बदला.

तपासायचं कसं? लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर लावा आणि मॅप सेन्सरचा, म्हणजे इनटेकमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरचा, आकडा रेकॉर्ड करा. एकानं गाडी चालवायची, दुसऱ्यानं स्क्रीन बघायची. चालवणाऱ्यानं मोबाईलकडं बघितलेलं मला चालत नाही, आणि तुम्हालाही चालता कामा नये. आपल्याला त्यासाठी लांब जावं लागत नाही, पन्हाळा किंवा जोतिबाचा चढ पुरतो. रविवारी आणि यात्रेच्या दिवसांत जाऊ नका. आधी इंजिन बंद ठेवून नुसती चावी चालू करा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे, म्हणून इथं मॅपनं ९५ किलोपास्कलच्या आसपास दाखवायला हवं. काही स्कॅनर तेच ९५० मिलिबार म्हणून दाखवतात. हा बूस्ट नव्हे, आपल्या अंगावर असलेला हवेचा दाब आहे. बूस्ट काढायचा तर आलेल्या आकड्यातून तो वजा करावा लागतो. चावी चालू असताना ८० किंवा ११० दाखवत असेल तर सेन्सर किंवा वायरिंग आधी बघा. काजळी आणि ऑइलचा थर बसलेला सेन्सर खोटं बोलतो. मग चढावर, तिसऱ्या गिअरला, पूर्ण पॅडलवर किती भरतं ते घ्या. बऱ्याच डिझेल गाड्यांत तो आकडा २०० च्या आसपास किंवा वर जातो. स्कॅनर ईसीयूची मागणी दाखवत असेल तर फारच बरं: मागणी आणि प्रत्यक्ष यातलं अंतर कुठल्या आरपीएमला पडतं, तिथं बोट ठेवा.

चीर शोधायला स्वस्तातलं एक हत्यार करून घ्या. उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडून टर्बोच्या तोंडाच्या मापाचं ॲल्युमिनियमचं बूच कातून घ्या, त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवा. एअर फिल्टरचा होज काढून तिथं बूच लावायचं, हवा भरायची आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी सोडायचं. दाब एक बारच्या वर नेऊ नका आणि ऑइलचं झाकण सैल ठेवा, नाहीतर हवा इंजिनात शिरून क्रँकचं सील ढकलेल. हवा भरलेली असताना होज हाताने वाकवून बघा. माझी ती चीर याच रीतीनं बोलली असती.

होज बरा निघाला तर टर्बोला हुकूम देणारी नळी बघा. इथं व्हीजीटी (पाती हलवून बूस्ट कमी-जास्त करणारा टर्बो) आणि वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा देऊन सोडणारी झडप) यांचं उलटसुलट आहे. १.३ मल्टीजेट डिझेल इंजिनचंच घ्या: ७५ पीएसच्या इंजिनवर साधा वेस्टगेटचा टर्बो, ९० पीएसवर व्हीजीटी. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हीजीटीची नळी फाटली की पाती उघडी राहतात, बूस्ट कमी भरतो, खालच्या आरपीएमला गाडी मेल्यासारखी. दाबावर चालणाऱ्या वेस्टगेटची नळी निसटली तर वेस्टगेट उघडतच नाही, बूस्ट जास्त होतो आणि ईसीयू ताकद कापतो. दोन्हीकडे गिऱ्हाईक म्हणतं तेच: “पिकअप गेला.” व्हीजीटीची पाती काजळीनं मिटलेल्या जागी अडकली तरी बूस्ट जास्त होऊन गाडी लिम्पला जाते, आधी जोरात ओढते आणि मग एकदम तुटते. ॲक्च्युएटरला (पाती हलवणाऱ्या डबीला) हातपंप लावून व्हॅक्यूम द्या. दांडा न अडखळता सरकला पाहिजे आणि तिथं टिकला पाहिजे. व्हॅक्यूमचा गेज टी लावून लांब नळीनं खिडकीतून आत घ्या आणि रस्त्यावर बघा. आपल्या उंचीवर हवेचा दाबच पाऱ्याच्या ७१० मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे समुद्रसपाटीचा आकडा इथं शोधत बसू नका. ६०० च्या वर स्थिर असेल तर मी पंपाला दोष देत नाही. आणि उसाच्या शेताकडेला उभ्या राहणाऱ्या गाडीच्या नळ्या उंदरांनी खाल्ल्यात का, हे सगळ्यात आधी बघावं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात उभ्या असलेल्या गाड्यांचे सोलेनॉइडचे आणि सेन्सरचे कनेक्टर उघडून हिरवी बुरशी बघा.

डिझेलची बाजू थोडक्यात. लोडवर रेल प्रेशरची, म्हणजे कॉमन रेल नावाच्या इंजेक्टरांच्या सामाईक पाइपातल्या दाबाची, मागणी वर आणि प्रत्यक्ष आकडा खाली पडत असेल तर फिल्टर, त्यातलं पाणी, लाइनमधली हवा, मग पंप. या क्रमानं. फिल्टर शेवटी जो बघतो, त्याला मी मेकॅनिक म्हणत नाही.

दोन गोष्टी जिवावरच्या आहेत. जुन्या पंपाच्या गाड्यांत वस्ताद लोक चालू इंजिनवर इंजेक्टरचा नट ढिला करून बघायचे. कॉमन रेलवर हे कधीही करायचं नाही. तिथं १६०० बारपर्यंत दाब असतो, ती बारीक धार कातडी फोडून आत जाते. गळती शोधायला बोटही फिरवू नका. दुसरं, टर्बोचं सील गेलं की इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून पळत सुटू शकतं. चावी बंद केली तरी थांबत नाही. गिअरची गाडी असेल तर ब्रेक दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडा आणि बंद पाडा. हात हवेच्या तोंडावर ठेवायचा नाही.

हे सगळं वाचून छाती दडपली असेल तर दडपू देऊ नका. सहा महिन्यांत हे हाताला लागतं. चांगला वस्ताद मिळणं मात्र नशिबावर सोडू नका. ‘लावून बघू’ म्हणत एकेक पार्ट बदलणाऱ्याकडे तुम्ही खर्च शिकाल, काम नाही. नुसता कोड पुसून गाडी देणारा आणि ईजीआरला पत्रा मारून ‘पिकअप वाढवला’ म्हणणारा, या दोघांपासून लांब राहा. जो माणूस तुम्हाला आधी मोजायला लावतो आणि ‘का?’ विचारल्यावर चिडत नाही, त्याच्याकडे पगार कमी असला तरी थांबा. मी थांबलो आणि मला त्याचा फायदा झाला.

आणि टर्बो खरंच गेला असेल तर? टर्बोचा मधला फिरणारा दांडा वर-खाली किंचित हलणं चालतं, पण पुढं-मागं जाणवण्याइतका हलत असेल किंवा पातं घराला घासलं असेल तर टर्बो गेला. पाइपात ऑइलचा पातळ थर दिसणं जुन्या गाडीत नेहमीचं आहे, त्यावरून निकाल देऊ नका. नवा बसवण्याआधी जुना का गेला ते शोधा. छोटा टर्बो मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइलचा पाइप कार्बननं चोंदलेला ठेवून नवा टर्बो चढवला तर तोही जाणार. पाइप नवा घ्या, ऑइल आणि फिल्टर बदला, इंटरकूलर उतरवून त्यातलं ऑइल आणि धातूचा चुरा काढा. टर्बोच्या भोकात आधी ऑइल सोडा, डिझेल बंद ठेवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारा, मग चालू करून दोन-तीन मिनिटं रेस देऊ नका. त्यानंतर तोच चढ, तोच गिअर, तोच आरपीएम. आधीचं आणि नंतरचं रेकॉर्डिंग गिऱ्हाइकाला दाखवा, जुना पार्ट त्याच्या हातात द्या आणि मग बिल मांडा.