टायर घेताना आधी बाजूवरचे आकडे वाचा

धावत्या गाडीचा प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा. ब्रेक, वळण, पावसातली पकड, सगळं तेवढ्याच रबरावर. म्हणून नक्षी आणि किंमत नंतर. आधी टायरच्या बाजूवर काय छापलंय ते वाचा.

समजा '१९५/६५ आर १५ ९१ व्ही' लिहिलंय. रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ६५ टक्के, बांधणी रेडियल (आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे), रिम १५ इंची. बहुतेक जण इथेच थांबतात. पण ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो भार आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा वेग. गाडीच्या पुस्तिकेत दिलंय त्यापेक्षा कमी भाराचा टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. भरल्या गाडीत तो जास्त दबतो, तापतो आणि आतले थर सुटायला लागतात.

मग तारीख. बाजूवर 'डॉट' (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघा: ३५२४ म्हणजे २०२४ चा ३५वा आठवडा. ते कधी कधी एकाच बाजूला असतात, म्हणून टायर रिमवर चढवण्याआधीच बघून घ्या. न वापरताही रबर कडक होत जातं. वापरलेला टायर तर टाळाच. आतून काय झालंय ते बाहेरून कळत नाही.

खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पावसाळ्यात तर ३ मिलिमीटरलाच बदललेला बरा, कारण उथळ खाचा पाणी बाहेर फेकू शकत नाहीत, टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग हलकं लागतं. बाजूला फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेत. तो टायर लगेच काढा, त्याला दुरुस्ती नाही.

दोनच नवे घेत असाल तर ते मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. ओल्या वळणावर मागची पकड सुटली तर गाडी गरकन फिरते आणि सावरणं कठीण जातं.

बसवताना व्हॉल्व्ह नवा घ्या, बॅलन्सिंग करून घ्या. हवा गार टायरमध्ये, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा; टायरवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो. ८०-१०० किलोमीटर चालल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या.