पेन्सिलची एवढी घाई कशाला? मुलांच्या हाताच्या बाबतीत या चुका टाळा

लहान मुलांसोबत रोज काम करते, त्यामुळे पालकांचा पहिला प्रश्न पाठ झालाय, "अजून लिहीत का नाही हो?" आणि मूल असतं 3 वर्षांचं!

तर सगळ्यात मोठी चूक हीच, पेन्सिलची घाई. मनगटात 8 छोटी हाडं असतात, जन्मतः ती बहुतेक कूर्चेचीच, म्हणजे मऊ, लवचिकच असतात आणि एकेक करत टणक व्हायला कित्येक वर्षं जातात. तीन बोटांची पकड साधारण साडेतीन-चारला दिसायला लागते, नीट बसते 5-6 व्या वर्षी. त्याआधी खांदा आणि तळवा मजबूत व्हावा लागतो.

एक आई मुलाला रोज पानंच्या पानं अक्षरं गिरवायला लावायची. मी शेजारी बसून नुसतं बघितलं. पेन्सिल मुठीत, मनगट हवेत, खांदा कानापर्यंत चढलेला आणि दाब इतका की मागच्या दोन पानांवर ठसे. दोन ओळी झाल्या की पोरगं हात झटकायचं आणि आई म्हणायची नाटकं करतोय. नाटकं नव्हती ती, हात खरंच दुखत होता त्याचा. वही बंद करायला लावली, भिंतीवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला मोठा कागद चिकटवला आणि रंगीत खडूचे पेराएवढे तुकडे दिले. एवढासा तुकडा मुठीत धरून चालतच नाही, चिमटीतच धरावा लागतो, आणि उभ्या कागदावर मनगट आपसूक मागे वळतं, लिहिताना तेच हवं असतं. सोबत स्पंज पिळणं, क्ले मळणं, दांड्याला लटकणं. काही महिन्यांनी पकड आपोआप बदलली, कोणी बोटं धरून बसवली नाहीत. पेन्सिलला लावायचे ते रबरी ग्रिप मला म्हणूनच पटत नाहीत, बोटं जागेवर दिसतात पण हातात ताकद कुठून येणार?

दुसरी चूक, सगळं आपणच करून देणं. सकाळी घाई असते, मान्य. मग शेवटची पायरी तरी मुलाला ठेवा. चेन खाली तुम्ही अडकवा, वर त्याला ओढू दे. बटण काजातून अर्धं तुम्ही काढा, उरलेलं तो ओढेल. ते जमलं की एक पायरी आधीपासून त्याच्याकडे द्या. मध्येच हात घालू नका, मला तर हात मागे बांधून बसायची सवयच लागलीये.

कात्री धरताना अंगठा वर हवा, आणि सुरुवात जाड कागदाच्या अरुंद पट्ट्यांपासून, एका घावात तुकडा पडला पाहिजे. ज्या कात्रीने काहीच कापलं जात नाही ती देऊ नका, मूल वैतागून सोडून देतं.

स्क्रीनवर बोट फिरवलं म्हणजे बोटांचा व्यायाम झाला असं नाही.

डावखुऱ्या मुलाचा हात बदलायला जाऊ नका, प्लीज.

3 वर्षांच्या आतल्या मुलांना बारीक मणी अजिबात नकोत, घशात अडकतात. बटण सेल आणि छोटी मॅग्नेट तर कुठल्याच वयात हाताशी नकोत.

आणि "होईल हळूहळू" म्हणत बसणं हीपण चूकच. वर्षाच्या आतलं बाळ सतत एकच हात वापरत असेल, वर्ष उलटून गेल्यावरही चिमटीत काही उचलत नसेल, किंवा येत असलेली गोष्ट अचानक यायची बंद झाली असेल तर थेट बालरोगतज्ज्ञांना दाखवा.