घरचा इन्व्हिडियस चालू कसा ठेवावा

गूगलच्या खात्यात न शिरता आणि जाहिराती टाळून यूट्यूबवरील व्हिडिओ पाहता यावेत, यासाठी २०१८ मध्ये सुरू झालेले इन्व्हिडियस हे मुक्त सॉफ्टवेअर डॉकरच्या (प्रोग्राम स्वतंत्र कप्प्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणाऱ्या साधनाच्या) साहाय्याने घरच्या जुन्या संगणकावरही बसते. खरे कष्ट ते चालू ठेवण्यात आहेत. जून २०२३ मध्ये यूट्यूबने या प्रकल्पाला कायदेशीर इशारा दिला, तेव्हा आपण अधिकृत एपीआय (इतर प्रोग्रामना यूट्यूबशी जोडण्याचा ठरलेला मार्ग) वापरतच नाही, असे उत्तर प्रकल्पाने दिले. त्यानंतरची अडवणूक मुख्यतः तांत्रिक राहिली आहे. २०२४ पासून भाड्याच्या सर्व्हरचे आयपी पत्ते (इंटरनेट जोडणीची ओळख देणारे क्रमांक) सर्रास अडवले जाऊ लागले, म्हणून स्वस्त क्लाउड सर्व्हर घेण्यापेक्षा घरचे ब्रॉडबँड बरे. मात्र अशा वेळी घरचाच आयपी पत्ता गूगलला दिसतो, हे विसरू नये. टळते ती खाते, कुकी आणि ब्राउझर यांद्वारे होणारी पाळत.

व्हिडिओच्या जागी ‘तुम्ही बॉट नाही याची खात्री करण्यासाठी साइन इन करा’ अशा अर्थाचा संदेश आला, तर घाईने सेटिंग बदलत बसू नये. आधी तोच संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून, सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करून तोच व्हिडिओ लावून पाहावा. तो चालला तर दोष बहुधा आयपी पत्त्याचा असतो. तरीही अडला, तर संशयाची सुई कंपॅनियनकडे वळवावी.

कंपॅनियन हा इन्व्हिडियसचा जोडीदार प्रोग्राम असून यूट्यूबला लागणारे पीओ टोकन (मागणी खऱ्या प्लेअरकडून आल्याचे पटवणारा संकेत) तयार करणे आणि व्हिडिओचे प्रवाह मिळवणे ही कामे तो करतो. यूट्यूबने आपला प्लेअर बदलला की सहसा हाच भाग आधी मोडतो. त्याची गुप्त किल्ली नेमकी १६ अक्षरांची असावी लागते आणि ती इन्व्हिडियस आणि कंपॅनियन या दोन्हींच्या सेटिंगमध्ये अक्षरशः सारखीच लिहावी लागते. कॉपी करताना शेवटचे एक अक्षर सुटल्याने माझी एक अख्खी संध्याकाळ लॉग वाचण्यात गेली होती. आणखी एक फसगत नेहमीची आहे: नवी इमेज (ज्यावरून कंटेनर उभा राहतो ती प्रोग्रामची तयार प्रत) उतरवून न घेता नुसता रीस्टार्ट केला, तर जुनाच कंपॅनियन पुन्हा उभा राहतो. म्हणून आधी इमेज उतरवावी आणि मग कंटेनर नव्याने उभारावेत. याखेरीज क्रॉन (ठरावीक वेळी आपोआप काम करवणारी सोय) लावून इन्व्हिडियस दिवसातून एकदा तरी रीस्टार्ट होईल अशी व्यवस्था करावी.

दोष पत्त्याचाच निघाला आणि जोडणीला आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) असेल, तर यूट्यूबशी होणारा संपर्क त्यावरून वळवून पाहावा. व्हीपीएन हा शेवटचा उपाय ठेवावा, कारण अनेकांच्या वापराचे ते पत्ते बहुधा आधीच अडवलेले असतात.

प्रत्येक अद्ययावतीकरणापूर्वी इन्व्हिडियस आपली माहिती ज्यात साठवतो त्या पोस्टग्रेस डेटाबेसची प्रत काढून ठेवावी. कंटेनर हवे तितक्या वेळा नव्याने उभारता येतात, पण घरातल्यांनी निवडलेली चॅनेल आणि प्लेलिस्ट त्या डेटाबेसखेरीज दुसरीकडे कुठेही साठवलेल्या नसतात.