एका फळीतून चिमणीचं घरटं

विकतच्या घरट्यांमधली बरीचशी माणसाला आवडावी म्हणून बनवलेली असतात, आतबाहेर रंग, गुळगुळीत पॉलिश, भोकाखाली बसायला दांडी. चिमणीला यातलं काहीच नको असतं. ती भोकाची कड धरून थेट आत शिरते, दांडीचा फायदा होतो तो मोठ्या पक्ष्याला, तिथे बसून पिल्लांपर्यंत चोच घालायला.

तर घरीच बनवा. १५ सेंमी रुंद, दीड सेंमी जाड, दीड मीटर लांब साधी कच्ची फळी घ्या, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) नको, ते पाण्याने फुगतं. पाठ ४० सेंमी, पुढची बाजू २०, छप्पर २२, तळ १२. उरलेल्यातून ४५ सेंमीचा तुकडा घेऊन तिरका कापला की दोन्ही बाजू निघतात, मागे २५ पुढे २० उंचीच्या, म्हणजे छपराला आपोआप उतार येतो.

भोक ३२ मिमी, त्याचा मध्य पुढच्या फळीच्या वरच्या कडेपासून ४ सेंमी खाली. हे माप चुकवू नका, भोक मोठं झालं तर साळुंकी घर बळकावते आणि खाली आलं तर मांजराचा पंजा पिल्लांपर्यंत जातो. भोकाची कड पॉलिश पेपरने घासा पण फळीची आतली बाजू खडबडीतच ठेवा, पिल्लं तिला नखं रोवून वर चढतात, गुळगुळीत असेल तर आत अडकतात बिचारी.

जोडताना खिळ्यांपेक्षा स्क्रू बरे, आधी बारीक ड्रिल मारा म्हणजे लाकूड तडकत नाही. तळ चारही भिंतींच्या आत बसवा आणि त्याच्या कोपऱ्यांत ५ मिमीची चार भोकं पाडा, पाणी निघून जाईल. छपराला बिजागरीऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ठोका, छप्पर उघडतंही आणि फटीतून पाऊसही शिरत नाही (मला तर हा भाग सगळ्यात आवडतो), पुढून मात्र एक हुक लावा. रंग द्यायचाच असेल तर फक्त बाहेरून, वॉटर बेस्ड, फिकट, आणि पूर्ण वाळल्यावरच टांगा.

जागा २ ते ४ मीटर उंच, दुपारचं ऊन आणि पावसाचा थेट मारा नसलेली. चिमण्यांना शेजार आवडतो त्यामुळे एकाच भिंतीवर दोन तीन घरटी चालतात, फक्त दाण्याचं भांडं लांब ठेवा. अंडी पिल्लं असताना उघडून बघू नका प्लीज. विणीचा हंगाम संपला, घरटं रिकामं आहे याची खात्री झाली, की जुनं गवत काढून उकळत्या पाण्याने धुवा आणि कडकडीत वाळवा, कीटकनाशक अजिबात नको.