थर्मल पेस्ट बदलूनही प्रोसेसर तापतोय? या चुका टाळा

एप्रिल उजाडला की सोलापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांत एकच तक्रार ऐकू येऊ लागते. मशीन आपोआप बंद पडतं, गेम अडखळतो, टॅलीसुद्धा रखडतं. तक्रारीसोबत निदानही घरूनच तयार होऊन आलेलं असतं: "पेस्ट वाळलीय बघा, जरा भारीतली घाला की." प्रोसेसर आणि त्याच्यावर बसणारा कूलर (धातूची पाती आणि पंखा) यांच्यामध्ये भारीतली पेस्ट घातली जाते, तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं आणि मे महिन्यात तेच मशीन पुन्हा दुकानाच्या टेबलावर येतं. पेस्ट निवडायला लोक जेवढा वेळ घालवतात त्याच्या निम्मा वेळ जरी कूलर नीट बसवायला दिला, तरी यातल्या बऱ्याच फेऱ्या वाचतील.

पाकिटावरच्या आकड्याला भुलणं

प्रोसेसरचं धातूचं झाकण आणि कूलरचा तळ डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण दोन्हींवर बारीक खाचखळगे असतात. त्यांत हवा अडकते. हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन, तर तांब्याची ४०० च्या आसपास. ही अडकलेली हवा हुसकून तिची जागा घेणं, एवढंच पेस्टचं काम. चांगल्या म्हणवणाऱ्या पेस्टच्या पाकिटावर याच एककात साधारण ४ ते १२ असा आकडा असतो. म्हणजे हवेपेक्षा कितीतरी सरस, पण तांब्यापुढे किरकोळ. म्हणूनच पेस्टचा थर जितका पातळ तितका चांगला.

आता थोडा हिशोब करू. ६५ वॅटचा प्रोसेसर, उष्णता ४ चौरस सेंटिमीटर भागातून बाहेर पडतेय आणि पेस्टचा थर ०.०५ मिलिमीटर जाडीचा आहे असं धरा. ५ आकड्याच्या पेस्टमुळे त्या थराच्या दोन बाजूंच्या तापमानात दीड अंशाच्या थोडा वर फरक पडतो. दुप्पट आकड्याची, म्हणजे १० ची पेस्ट लावली तर पाऊण अंशाच्या आसपास. दुप्पट दामाची पेस्ट घेऊन एक अंशसुद्धा हाती लागला नाही! पण तीच ५ ची पेस्ट ०.२ मिलिमीटर जाड राहिली, तर फरक साडेसहा अंशांवर जातो. हा कागदावरचा हिशोब आहे, प्रत्यक्षात धातूचा पृष्ठभाग आणि दाब यांनी आकडे मागेपुढे होतात, पण मुद्दा बदलत नाही. थर जाड का राहतो, तर कूलर पुरेसा दाबून बसलेला नसतो म्हणून.

शिवाय हे आकडे सगळ्या कंपन्या एकाच पद्धतीने मोजत नाहीत. त्यामुळे अनोळखी ब्रँडच्या ट्यूबवर १५ लिहिलंय म्हणून ती ८.५ वालीपेक्षा भारी, असं समजू नका. आर्क्टिकची एमएक्स-४ किंवा एमएक्स-६, नॉक्टुआची एनटी-एच१, कूलर मास्टरची मास्टरजेल अशी कुठलीही नावाजलेली पेस्ट घ्या आणि विषय संपवा. मात्र एमएक्स-४ च्या बनावट ट्यूबही बाजारात फिरतात. पाकिटावर अस्सलपणा तपासायची सोय असेल तर ती वापरा, आणि भाव संशयास्पद कमी वाटला तर राहू द्या.

दोन गोष्टी मात्र खरंच निवडीतच चुकतात.

पहिली, ती पांढरी सिलिकॉन ग्रीस. अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्यांकडे छोट्या डबीत ‘हीट सिंक कंपाऊंड’ म्हणून मिळते तीच. ट्रान्झिस्टरसाठी ती उत्तम. पण तिची वाहकता १ च्या आसपास किंवा त्याहून कमी. वरच्याच हिशोबात ती घातली तर आठ अंश एकट्या थरात जातात, आणि प्रोसेसर १५० वॅट ओढणारा असेल तर त्याच्या दुपटीहून जास्त. ऑफिसच्या जुन्या ड्युअल कोरवर ती खपून जाते, आजच्या आय-७ वर नाही. दुकानदार मोठ्या डब्यातून पेस्ट काढत असेल तर ती कुठली, हे विचारायला लाजू नका. टूथपेस्ट लावण्याचे व्हिडिओ बघून तसं करणाऱ्यांबद्दल काय बोलावं! पाणी उडून जातं आणि मागे उरतो वाळका थर.

दुसरी चूक दुसऱ्या टोकाची: लिक्विड मेटल. थर्मल ग्रिझलीच्या कंडक्टोनॉटवर ७३ आकडा असतो, तो बघून पोरांचे डोळे चमकतात. हे गॅलियमचं मिश्रण आहे. गॅलियम अ‍ॅल्युमिनियमला पोखरतं, आणि बहुतेक स्वस्त कूलर अ‍ॅल्युमिनियमचेच असतात. वर ते वीजवाहक, एक थेंब बोर्डावर घरंगळला की मदरबोर्ड गेला. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर (प्रोसेसर बसतो ती जागा) बसणाऱ्या रायझन प्रोसेसरमध्ये तर झाकणाच्या कडेला कापलेल्या खाचांत छोटे कपॅसिटर उघडेच असतात. साधी पेस्ट तिथे गेली तर काही बिघडत नाही, लिक्विड मेटल गेलं तर बिघडतं.

कूलर बसवताना होणाऱ्या चुका

इंटेलच्या डब्यातल्या कूलरला चार प्लास्टिकचे खटके असतात. एलजीए ७७५ सॉकेटच्या काळापासून एलजीए १७०० सॉकेटपर्यंत हीच पद्धत, आणि गरम मशिनांमागचं एक मोठं कारणही हेच. चारपैकी तीन खटके बसतात, चौथा बसल्यासारखा वाटतो. कूलर हलत नाही म्हणून सगळं ठीक आहे असं समजून केस बंद होते. एक कोपरा किंचित वर राहिला की त्या बाजूचा पेस्टचा थर जाड, आणि मग ती पेस्ट हजाराची असो वा शंभराची.

खटके समोरासमोरच्या कोपऱ्यांत, जोडीने दाबायचे. आधी चारही खटक्यांच्या टोप्या बाणाच्या उलट दिशेने पूर्ण फिरवलेल्या आहेत ना ते बघा, कारण वरच्या टोप्यांवरचा बाण म्हणजे सोडवायची दिशा. दाबल्यावर ‘टक्’ असा आवाज यायला हवा. मग मदरबोर्डाच्या मागून पाहा: पांढऱ्या पायाच्या दोन फाका पसरून त्यांच्या मधून काळी दांडी पूर्ण बाहेर आलेली दिसली पाहिजे. बोर्ड केसमध्येच ठेवून हे नीट दिसत नाही, म्हणून पहिल्यांदा बसवताना बोर्ड बाहेर काढणं परवडतं. खटका वाकला किंवा पिचला असेल तर त्याच्याशी झटापट करू नका, कूलर बदला.

स्क्रूवाल्या कूलरला एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसरा घ्यायचा नाही. थोडं थोडं, तिरपं, आळीपाळीने.

एएम४ च्या रायझनबद्दल एक वेगळी सूचना. त्या प्रोसेसरला पिना असतात आणि जुनी घट्ट झालेली पेस्ट कूलरला इतकी चिकटते की कूलर उचलला की प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून वर येतो. पिना वाकतात, कधी तुटतात. कूलर काढण्याआधी मशीनवर दहा-पंधरा मिनिटं जड काम चालवा, मग बंद करून प्लग काढा आणि कूलर सरळ वर न ओढता हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

नव्या कूलरच्या तळाला प्लास्टिकची पारदर्शक फिल्म असते, ती काढायचं राहून गेलेली मशिनं दर हंगामात भेटतात. आणि डब्यातल्या कूलरला बहुतेकदा पेस्ट आधीच लावलेली असते. तिच्यावर आणखी पेस्ट ओतू नका. वापरायची तर तीच वापरा, नाहीतर पुसून नवी लावा.

किती लावायची, यावर भांडणं होतात. मधोमध तुरीच्या दाण्याएवढा ठिपका पुरतो. एलजीए १७०० चं झाकण लांबट आहे, तिथे लांबीच्या दिशेने एक रेघ ओढा किंवा फुली मारा. थोडी जास्त झाली तर ती कडेने बाहेर येते, दिसायला घाण, पण साधी पेस्ट वीजवाहक नसल्याने नुकसान नाही. कमी पडली तर मात्र कोपरे कोरडे राहतात.

सोलापूरचं ऊन आणि सुताची धूळ

मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असतात. प्रोसेसरचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं, त्यामुळे जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत ७० वर राहणारं मशीन मेच्या दुपारी ८२-८४ दाखवतं. पेस्ट तीच, कूलर तोच. म्हणून नुसता प्रोसेसरचा आकडा लिहून ठेवण्यात अर्थ नाही, खोलीचं तापमान वजा करून फरक लिहा. तो फरक वाढला असेल तरच काहीतरी बिघडलंय.

अशोक चौक, साखर पेठ, अक्कलकोट रोड एमआयडीसी अशा यंत्रमागांच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट असते, सुताचे तंतू. साधी धूळ फुंकरीने उडते. हे तंतू कूलरच्या पात्यांमध्ये अडकून नमदा तयार करतात आणि पंख्याच्या खाली तो दिसतही नाही. चादरींची डिझाइनं करणाऱ्या ऑफिसांतले जेकार्डचे (मागावर नक्षी विणण्याच्या पद्धतीचे) कॉम्प्युटर बघा, वरून स्वच्छ आणि आत कापूस. इथे वर्षाला पेस्ट बदलण्यापेक्षा दर दोन-तीन महिन्यांनी पंखा काढून पाती साफ करणं शंभर पटीने उपयोगी. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, भरधाव फिरली तर बेअरिंग खराब होतं. आणि धूळ जाऊ नये म्हणून चालू मशीनवर टॉवेल टाकणारी घरं आपल्या गावात कमी नाहीत! बंद असताना हवा तेवढा टाका.

दोष कुठे आहे ते कसं ओळखायचं

एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेंप हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावा आणि सिनेबेंचसारखं जड काम सुरू करा. तापमान दोन-तीन सेकंदांत ९५ च्या वर उडी मारत असेल, तर कूलर नीट टेकलेला नाही किंवा पेस्ट कामातून गेली आहे. हळूहळू, दहा-पंधरा मिनिटांत चढत असेल, तर हवा खेळत नाही. केसची बाजू उघडून पुन्हा चालवा. पाच-सात अंश उतरले, तर पेस्टला हात लावायची गरजच नाही.

तिसरी शक्यता लोकांच्या लक्षात येत नाही. आय-७ १२७०० च्या डब्यावर ६५ वॅट असतात, पण पूर्ण वेगात तो १८० वॅटपर्यंत ओढतो, आणि काही मदरबोर्ड ती मर्यादा सोडूनच देतात. डब्यातला कूलर तिथे हरणारच. बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) वीज मर्यादा घाला किंवा मोठा कूलर घ्या. रायझनसाठी कमी वीज ओढायला लावणारा इको मोड आहे. आणि रायझन ७००० मालिकेतला ७७००एक्स किंवा ७९५०एक्स घेऊन ९५ अंश बघून घाबरला असाल, तर ते प्रोसेसर जड कामाला ९५ पर्यंत जायच्या हिशोबानेच बनवलेले आहेत.

पुसणं आणि लॅपटॉप

जुनी पेस्ट काढायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. हँड सॅनिटायझर नको, त्यात बऱ्याचदा ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर मागे राहतो. पुसायला चष्म्याचं मायक्रोफायबर कापड घ्या. आपला सोलापुरी टेरी टॉवेल जगात भारी, पण इथे त्याचे तंतू पेस्टखाली अडकतात.

डेस्कटॉपची चांगली पेस्ट तीन-चार वर्षं आरामात टिकते. कूलर काढला तर मात्र पेस्ट नवीच लावायची, जुन्या थरावर कूलर पुन्हा टेकवायचा नाही. लॅपटॉपचं गणित वेगळं आहे. तिथे झाकण नसतं, पेस्ट थेट चिपवर बसते, आणि तापणं-थंड होणं चालू राहिलं की पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. सहा महिन्यांत तापमान पुन्हा चढलं तर कारण हेच. त्याला घट्ट पेस्ट किंवा हनीवेलची पीटीएम७९५० ही ४५ अंशांच्या आसपास मऊ होणारी शीट जास्त टिकते. आणि लॅपटॉप उघडल्यावर ग्राफिक्स मेमरीवरचे करडे पॅड फाटले, तर त्या जागी पेस्ट भरू नका. तिथली फट अर्धा ते दोन मिलिमीटरची असते, त्याच जाडीचा नवा पॅड मोजून आणावा लागतो.