जुन्या स्प्लेंडरची टायमिंग चेन कशी तपासावी आणि बदलावी

सेकंडहँड मोटरसायकल घेतली की कोणीतरी सांगतंच, "आधी टायमिंग बेल्ट बदलून घे." आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींना टायमिंग बेल्ट नसतोच, चेन असते. ती क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) जोरावर कॅम फिरवते आणि कॅम व्हॉल्व्ह उघडतो. रबरी टायमिंग बेल्ट डुकाटीसारख्या मोजक्या गाड्यांत सापडतो. स्कूटरचा बेल्ट वेगळा, तो मागचं चाक फिरवतो. व्हॉल्व्हशी त्याचा काही संबंध नाही. मी इथे सांगतोय ते 1994 साली आलेल्या हीरो होंडा स्प्लेंडरबद्दल, म्हणजे 97.2 सीसीच्या आडव्या इंजिनाबद्दल. या गाड्या आजही हातोहात विकल्या जातात आणि त्यांची चेन बहुतेक वेळा ओरडतच असते.

आधी आवाज ओळखा. टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या स्क्रूचा) आवाज हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या टोकातून येतो, बारीक आणि एका लयीत, टिकटिक असा. चेनचा आवाज डाव्या बाजूने येतो, खरखरीत असतो आणि रेस सोडताना जास्त जाणवतो. टॅपेट थंड इंजिनावर सेट करून मगच चेनला दोष द्या. काट्यावरच्या किलोमीटरवर विसंबू नका.

मग ऑइल काढा आणि ते फडक्यातून गाळा. काळे रबराचे कण दिसले तर चेन ज्यांवरून धावते ते रबरी रोलर झिजलेत, आणि ते कण ऑइलच्या जाळीत जाऊन बसतात. अशा वेळी नुसती चेन बदलू नका. चेन, रोलर, टेन्शनर (चेनला ताण देणारा भाग) असं पूर्ण टायमिंग किट घ्या, ओरिजिनलच. इंजिनाच्या खालचा टेन्शनरचा बोल्ट काढला की स्प्रिंग आणि दांडी बाहेर येते. दांडीच्या टोकाचं रबर चेपलेलं असेल तर तीही गेली. स्प्रिंगखाली वायसर घालून आवाज बंद करणारे कारागीर आहेत. असं काम कधीही करून घेऊ नका. आवाज महिनाभर थांबतो आणि जास्तीच्या ताणाने नवा रोलरही झिजून जातो. जाड ऑइल टाकण्याचा सल्लाही त्याच जातीचा.

खोलायचं काम सोपं आहे. डावं कव्हर, हेडच्या डाव्या बाजूचं गोल झाकण, मग मॅग्नेट, म्हणजे क्रँकवरचं जड चाक. मॅग्नेट फक्त पुलरने काढा, हातोडीने नाही. मागची कॉइलची प्लेट (स्टेटर प्लेट) काढताना तिची ओ-रिंग आणि ऑइल सील नवीन टाका. मॅग्नेट जागेवर धरणारी क्रँकवरची छोटी चावी डबीत ठेवा.

आता खरं काम, खुणा जुळवण्याचं. इथे मी स्वतः चुकलो होतो.

मॅग्नेटवर दोन खुणा असतात, एफ आणि टी, अगदी शेजारी शेजारी. एफ ही ठिणगी पडण्याची खूण, टी म्हणजे पिस्टन सर्वात वर. जुळवायची ती टी. मला हे तोंडपाठ होतं, तरी संध्याकाळच्या उजेडात, मॅग्नेटवर तेलाचा थर असताना, मी एफ जुळवली. वरच्या स्प्रॉकेटची (कॅमच्या दातेरी चाकाची) गोल खूण हेडवरच्या खाचेपासून साधारण अर्धा दात दूर राहिली. इथेच सावध व्हायला हवं होतं. मी जवळचा वाटणारा दात धरला आणि बोल्ट आवळले. गाडी सुरू झाली, गावात ठीक चालली. खंबाटकीच्या चढाला मात्र दुसऱ्या गिअरवर आली आणि सायलेन्सरमधून फटफट सुरू झाली. एका दाताची चूक होती. जास्त दात चुकले तर व्हॉल्व्ह पिस्टनला आपटून वाकू शकतो.

म्हणून आता मी असं करतो. मॅग्नेट पेट्रोलने पुसतो आणि टी वर पांढऱ्या रंगाचा ठिपका देतो. नवी चेन चढवल्यावर मॅग्नेट चावीसकट नुसता बसवून टी इंजिनावरच्या खुणेला आणतो, गोल खूण खाचेला. जुळवताना मॅग्नेट डावीकडून बघत घड्याळाच्या उलट दिशेनेच फिरवायचा, कारण इंजिन त्याच दिशेने फिरतं. तसं केलं की चेनची खालची बाजू ताणलेली राहते आणि ढिलेपणा वर जातो. खुणेच्या पुढे गेलात तर मागे आणू नका, पूर्ण दोन फेरे घालून परत या. उलट फिरवून जुळवलेली खूण टेन्शनर बसताच सरकते, आणि लोक म्हणतात, "मी तर बरोबर लावलं होतं."

खूण अर्ध्या दातावर अडकली तर तुमचं काहीतरी चुकलंय. "चालेल" म्हणून बोल्ट आवळू नका.

टेन्शनर बसवून, प्लग काढून, मॅग्नेट हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक. कुठे टक्कन अडलं तर जोर लावू नका, खुणा परत बघा. दोन फेऱ्यांनंतर टी आणि गोल खूण दोन्ही जागेवर आल्या, तरच पुढे जा.

स्प्रॉकेटचे बोल्ट आलटून पालटून आवळा. बाकी उलट क्रमाने जोडा, टॅपेट पुन्हा तपासा, ऑइल नवीन भरा. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर ऑइल काढून जाळी स्वच्छ करा, कारण जुन्या रोलरचं रबर केसमध्ये कोपऱ्याकोपऱ्यात उरलेलं असतं.